सासूबाईंना एट्रियल फिब्रिलेशन आहे: पावसाळी पालेभाज्या, अर्जुनसालीचा काढा आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी यांचा मेळ कसा घालावा?

प्रश्न: सुरंगी, वेंगुर्ले तालुका

नमस्कार. माझ्या सासूबाईंचे वय ६६ आहे. लहानपणी त्यांना सांधे सुजून ताप येत असे, आणि त्यातूनच पुढे हृदयाची डावीकडची झडप अरुंद झाली, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांना अचानक धाप लागू लागली, नाडी मिनिटाला १४० च्या आसपास आणि पूर्णपणे अनियमित लागली, आणि ईसीजीनंतर एट्रियल फिब्रिलेशन असे निदान झाले. तेव्हापासून त्या ठोके आटोक्यात ठेवण्यासाठी मेटोप्रोलोल आणि डिजॉक्सिन, लघवीची एक गोळी आणि रक्त पातळ ठेवण्यासाठी ॲसेनोकुमरॉल घेत आहेत. यजमान मुंबईला नोकरीस असल्यामुळे गोळ्या, पथ्य आणि तपासण्या हे सर्व माझ्याकडेच असते.

माझी अडचण अशी आहे की यंदा त्यांचा आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे हे सांगणारा तपासणीचा आकडा (जितका मोठा तितके रक्त पातळ), स्थिर राहत नाही. मे महिन्यात तो २.६ होता, जुलैच्या पहिल्या आठवड्यात ४.१ झाला, आणि परवा, म्हणजे ऑगस्टच्या मध्याला, १.५ आला. गोळी एकदाही चुकलेली नाही, कारण मी स्वतः रात्री जेवणानंतर देते. जूनअखेर लावणीच्या दिवसांत त्यांना ताप येऊन गेला, एवढाच काय तो फरक.

गणपतीच्या तयारीसाठी मोठे दीर लवकर गावी आले आहेत. त्यांनी अर्जुनसालीचे चूर्ण, लसणाच्या कॅप्सूल आणि माशाच्या तेलाच्या कॅप्सूल आणल्या आहेत. त्यांच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी काढा आणि आहार यांवर ठोके नियमित केले, मग आईला आयुष्यभर रक्त पातळ करण्याची गोळी कशाला, असा त्यांचा प्रश्न आहे. त्यांना आईची काळजी आहे, म्हणून मला त्यांना नुसता नकार द्यायचा नाही, समजावून सांगायचे आहे. आहाराने आणि वनौषधींनी हा आजार आटोक्यात राहू शकतो का? आमच्याकडच्या पालेभाज्या, शहाळे, सोलकढी आणि सुके मासे यांतले काय चालते?

उत्तर १: निवृत्त फिजिशियन, रत्नागिरी

सुरंगीताई, तुम्ही आकडे तारखांसह दिलेत, त्यामुळे नेमके बोलता येते. सुरुवात दिरांच्या प्रश्नापासून करतो, कारण गोळी थांबवण्याचा विचार घरात असेल तर तो आजच थांबला पाहिजे.

या विकारात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात. नाडी वेगाने आणि वेडीवाकडी लागते हा त्याचा जाणवणारा भाग झाला. न जाणवणारा भाग असा की डाव्या कप्प्याला पिशवीसारखा एक कोपरा असतो, त्यात रक्त साचून राहते, साचलेल्या रक्ताची गुठळी होते, आणि ती सुटून मेंदूकडे गेली की अर्धांगवायू होतो. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथील दीर्घ अभ्यासात १९७८ साली असे आढळले की झडपेचा दोष नसलेल्या एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हा धोका इतरांच्या पाचपटीहून अधिक असतो, आणि संधिवाताच्या तापामुळे झडप बिघडलेली असेल तर तो सुमारे १७ पट होतो. तुमच्या सासूबाई या दुसऱ्या गटात आहेत. ठोके शांत वाटले, धाप कमी झाली, इतकेच काय एखाद्या दिवशी ईसीजी सरळ आला, तरी अरुंद झडपेमागे रक्त साचणे थांबत नाही. काढ्याने ठोके सुधारले असे दिरांच्या परिचितांना वाटले असेल, आणि त्यांच्या बाबतीत ते खरेही असू शकेल, कारण काही जणांत हा विकार आपोआप येतो आणि जातो. त्यावरून सासूबाईंची गोळी थांबवता येत नाही.

याच गोळीऐवजी हल्लीच्या, तपासणी न लागणाऱ्या नव्या गोळ्या का देत नाहीत, असेही कोणी विचारील. संधिवाताच्या झडपदोषातील एट्रियल फिब्रिलेशनवर २०२२ मध्ये एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. भारतासह अनेक देशांतील सुमारे ४५०० रुग्ण तिच्यात होते, आणि नव्या गोळ्यांपैकी रिव्हरॉक्साबॅनपेक्षा जुन्या पद्धतीची गोळी घेणारे रुग्ण अधिक जगले. त्यामुळे झडप बरीच अरुंद असेल तर ॲसेनोकुमरॉल किंवा वॉरफरिन हाच मार्ग उरतो. त्या मार्गाने जायचे तर आयएनआर बहुतेक रुग्णांत २ ते ३ या दरम्यान ठेवावा लागतो, आणि त्या कामात आहाराला खरोखरच मोठे स्थान आहे.

आता तुमचे आकडे. ही गोळी रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या के जीवनसत्त्वाच्या विरोधात काम करते. हिरव्या पाल्यात हे जीवनसत्त्व भरपूर असते. प्रौढ स्त्रीसाठी दिवसाला सुमारे ९० मायक्रोग्रॅम पुरेसे मानतात, आणि पालकाच्या अर्धा कप शिजवलेल्या भाजीतच ते ४०० हून अधिक भरते. आपल्याकडे उन्हाळ्यात पाला कमी खाल्ला जातो. मग १ जूनला यांत्रिक मासेमारी बंद होते ती ३१ जुलैपर्यंत, तोवर टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंग, अळू, शेवगा असा पाला दारातच उगवतो, आणि बंदी उठते न उठते तोच श्रावण लागून घरात पुन्हा मासे येत नाहीत. म्हणजे सलग अडीच महिने रोजच्या ताटात पाला वाढलेला असतो. ऑगस्टमध्ये १.५ येण्याचे हेच कारण असावे असा माझा तर्क आहे. रोजच्या भाजीचा महिनाभराचा हिशेब आठवून पाहा.

यावर पालेभाजी बंद करणे हा उपाय नाही, आणि तसे सांगणारे माझे सहव्यवसायी मी पाहिले आहेत याचे मला वाईट वाटते. पाला अजिबात न खाणाऱ्या माणसाचा आयएनआर एका वाटी भाजीनेही हेलकावतो. मात्रा गोळीची असते तशी भाजीचीही ठरवावी: एकच वाटी घ्या, ती आठवड्यातून ठरावीक दिवशीच भरा, बाराही महिने तेवढीच ठेवा, आणि गोळीची मात्रा डॉक्टरांना त्या आहाराप्रमाणे बसवू द्या. भाजी उकडून पाणी पिळून टाकले की दोष जातो, असा एक समज आहे. हे जीवनसत्त्व तेलात विरघळणारे असल्यामुळे ते पाण्याबरोबर जात नाही.

जुलैचा ४.१ मात्र मला अधिक खटकतो. तापासाठी कोणत्या गोळ्या घेतल्या होत्या? आपल्याकडे लावणीच्या दिवसांत लेप्टोस्पायरोसिसच्या संशयावरून डॉक्सिसायक्लिन देतात, आणि ते योग्यच आहे, पण त्या औषधाने आयएनआर वाढू शकतो. शिवाय तापात माणूस पेजेवर असतो, पोटात पाला जात नाही, म्हणून तो दोन्हीकडून वाढतो. अँटिबायोटिक सुरू केले की चार-पाच दिवसांत तपासणी करून घ्यावी. अंगदुखीसाठी स्वतःहून वेदनाशामक गोळी घेऊ नये, आणि कमरेत किंवा दंडात सुई मारून घेण्याआधी ही गोळी चालू असल्याचे सांगावे, कारण स्नायूत रक्त साचू शकते.

शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असते. लघवीच्या काही गोळ्यांनी शरीरातील पोटॅशियम कमी होते, काहींनी वाढते, आणि डिजॉक्सिन घेणाऱ्याला दोन्ही टोके वाईट. म्हणून गोळीचे नाव आणि रक्तातील पोटॅशियम व क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी तपासणी) पाहिल्याशिवाय शहाळ्याबद्दल कोणीही होय किंवा नाही म्हणू नये. सोलकढी चालेल, मीठ कमी घाला. सुकट, सुके बोंबील, खारवलेला बांगडा, लोणचे आणि पापड यांतले मीठ अंगात पाणी धरून ठेवते, आणि अरुंद झडपेच्या रुग्णाला त्याचा त्रास थेट धापेच्या रूपाने होतो. दिवसभराचे मीठ सर्व मिळून ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा.

१.५ आयएनआर घेऊन पुढच्या ठरलेल्या तारखेपर्यंत थांबू नका. उद्याच तुमच्या डॉक्टरांना दूरध्वनी करून मात्रा विचारा.

उत्तर २: वैद्य, सावंतवाडी

मी बावीस वर्षे आयुर्वेदाची चिकित्सा करते, आणि वरील डॉक्टरांच्या मुख्य मुद्द्याशी पूर्ण सहमत आहे. आमच्या शास्त्राचा मला अभिमान आहे, म्हणूनच त्याच्या नावावर गोळी सोडायला सांगणाऱ्यांचा मला राग येतो. १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याच्या यादीत हृदयरोगाचा समावेश आहे, आणि तो बरा करण्याच्या जाहिराती करण्यास मनाई आहे. दिरांनी आणलेल्या डब्यावर तसा दावा छापला असेल तर डब्याची किंमत तिथेच कळते.

अर्जुन आमच्या ग्रंथांत हृद्य, म्हणजे हृदयाला हितकर, म्हणून सांगितला आहे, आणि दुधात सिद्ध केलेला अर्जुनक्षीरपाक मी स्वतः काही रुग्णांना देते. छातीतील कळ आणि हृदयाची दुर्बलता यांवर त्याचे छोटे अभ्यास झाले आहेत. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये त्याने ठोके नियमित होतात किंवा गुठळी टळते असे मात्र कोणीही सिद्ध केलेले नाही. उलट, यकृतातील ज्या विकरांमुळे (एन्झाइममुळे) मेटोप्रोलोल आणि ॲसेनोकुमरॉल यांसारख्या औषधांचे विघटन होते, त्यांना अर्जुनाचा अर्क अडवतो, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. आयएनआर आधीच ४.१ आणि १.५ असा झुलत असताना त्यात ही भर नको. शिवाय बाजारच्या चुर्णात साल नेमकी कोणाची, हाही प्रश्न असतो. आपल्या रानातला ऐन हा अर्जुनाच्याच कुळातला, दोघांनाही सादडा म्हणतात, आणि सोललेली साल वाळली की जाणकाराचीही गफलत होते.

दिरांच्या डब्यापेक्षा घरात आधीच असलेल्या वस्तूंची मला जास्त चिंता वाटते. खोकल्यासाठी ज्येष्ठमध चघळण्याची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. तो रोज आणि बराच काळ घेतला तर रक्तातील पोटॅशियम उतरते आणि रक्तदाब चढतो. डिजॉक्सिन आणि लघवीची गोळी घेणाऱ्या रुग्णात ही गोष्ट ठोके बिघडवण्यास पुरेशी आहे. तापावर सर्रास घेतल्या जाणाऱ्या त्रिभुवनकीर्ती रसात बचनाग असतो. तो शुद्ध केलेला असला तरी त्याची प्रकृती हृदयाच्या ठोक्यांवर काम करणारी आहे, आणि एट्रियल फिब्रिलेशन असलेल्या माणसाने तो वैद्याला विचारल्याशिवाय घेऊ नये. जूनच्या तापात हा रस दिला होता का, तेही आठवून पाहावे. कुंपणावरची कण्हेर आणि पिवळी बिट्टी यांचे तर नावही काढू नका. त्यांत डिजॉक्सिनच्याच जातीचे विष असते, आणि काढ्यात त्याची मात्रा मोजण्याचे साधन घरात कोणाकडेही नाही.

इथे थोडे विषयाच्या कडेचे सांगते, कारण दिरांना समजावताना ते उपयोगी पडेल. वनस्पतींनी हृदयावर काम होत नाही असे आमचे म्हणणे मुळीच नाही. सासूबाई घेत असलेले डिजॉक्सिनच मुळात डिजिटॅलिसच्या झाडाचे आहे. इंग्लंडच्या विल्यम विदरिंग यांनी त्या झाडाच्या पानांचे गुण आणि विषारी परिणाम १७८५ मध्ये नोंदवून प्रसिद्ध केले. आपल्या रानातल्या सर्पगंधेच्या मुळापासून सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी १९३१ मध्ये एक द्रव्य वेगळे केले आणि हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ त्याला अजमलिन हे नाव दिले. ते ठोक्यांच्या विकारांत वापरले गेले. त्याच सर्पगंधेचा उच्च रक्तदाबावरील उपयोग मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला आणि जगभर पोहोचवला. ज्या वनस्पतींत बळ होते त्यांचे औषध झाले, आणि बळ होते म्हणूनच त्यांची मात्रा मिलिग्रॅममध्ये मोजावी लागली. सर्पगंधा डिजॉक्सिनबरोबर घेतली तर ठोके धोकादायकरीत्या मंद होऊ शकतात, म्हणून ‘आयुर्वेदिक बीपीची गोळी’ या नावाने ती घरात आलेली नाही ना, हे पाहून घ्यावे.

स्वयंपाकातली हळद, आले, लसूण आणि सोलकढीत ठेचून घातलेल्या चार पाकळ्या यांना कसलीही हरकत नाही. लसणाच्या आणि हळदीच्या कॅप्सूल मात्र रक्तस्रावाची शक्यता वाढवतात. त्या परत करा.

उत्तर ३: खाडीपलीकडचा, गुहागर

मला झडपेचा दोष नाही, त्यामुळे माझा अनुभव सुरंगीताईंच्या सासूबाईंना जसाच्या तसा लागू होणार नाही, हे आधीच सांगतो. पण शीर्षक वाचून इथे येणाऱ्यांत माझ्यासारखे अधिक असतील, म्हणून लिहितो.

वयाच्या ५८ व्या वर्षी मला हा विकार कळला. तेव्हा माझे वजन ९४ किलो होते, रक्तदाब होता, घोरणे इतके की घरातले दुसऱ्या खोलीत झोपत, आणि संध्याकाळी माडी किंवा आणखी काही घेण्याची वीस वर्षांची सवय होती. मलाही काढ्याने बरे व्हायचे होते. मी चार महिने एक काढा घेतला आणि त्या चार महिन्यांत दोनदा रुग्णालयात दाखल झालो. दुसऱ्या वेळी तिथल्या एका तरुण डॉक्टरांनी माझ्याजवळ बसून सांगितले की तुम्हाला आहाराने उपचार करायचाच असेल तर काय खावे याआधी काय सोडावे ते बघू. ऑस्ट्रेलियातील १४० जणांवरची, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी त्यांनी मला समजावली: नियमित मद्य घेणाऱ्यांपैकी ज्यांनी ते सोडले, त्यांच्यातील ५३ टक्के लोकांना सहा महिन्यांत विकार पुन्हा उद्भवला, आणि ज्यांनी चालू ठेवले त्यांच्यातील ७३ टक्क्यांना. त्याच देशातील २०१५ च्या एका अभ्यासात दहा टक्के किंवा त्याहून अधिक वजन उतरवून ते टिकवणाऱ्यांची ठोके नियमित राहण्याची शक्यता इतरांच्या सहापट होती.

मी माडी सोडली. रात्रीचा भात निम्मा केला. वर्ष-सव्वा वर्षात वजन ८२ वर आणले आणि झोपेत श्वास अडकण्यावर यंत्र लावले. गेल्या दोन वर्षांत मला दोनच झटके आले, तेही थोडक्यात आवरले. तरीही मी ॲपिक्साबॅन ही रक्त पातळ ठेवणारी नवी गोळी रोज दोन वेळा घेतो, कारण माझे वय आणि रक्तदाब यांमुळे गुठळीचा धोका वजनाबरोबर उतरलेला नाही. माझ्या एका स्नेह्यांना रिव्हरॉक्साबॅन २० मिलिग्रॅम आहे. ते एकादशीला उपाशीपोटी ती घेत असत, आणि ती गोळी जेवणासोबत घेतली नाही तर नीट शोषली जात नाही, हे त्यांना बरेच उशिरा कळले.

माशाच्या तेलाबद्दल: रोज ४ ग्रॅम इतक्या मोठ्या मात्रेत शुद्ध केलेले माशाचे तेल देऊन झालेल्या २०१८ च्या चाचणीत एट्रियल फिब्रिलेशनमुळे दाखल होणारे रुग्ण ३.१ टक्के होते आणि न घेणाऱ्यांत २.१ टक्के. फरक लहान आहे, पण ज्या विकारासाठी आपण कॅप्सूल घेतो तोच वाढणार असेल तर घ्यावी कशाला? बंदी उठल्यावर ताजी तारली आणि बांगडा खावा. मी खातो.

सुरंगी, वेंगुर्ले तालुका

तिघांचेही मनापासून आभार. काल सकाळीच डॉक्टरांशी बोलले. त्यांनी गोळीची मात्रा थोडी वाढवून आठवड्याने पुन्हा तपासणी सांगितली आहे.

तापाची जुनी चिठ्ठी शोधली. त्यात डॉक्सिसायक्लिन सात दिवस लिहिले होते, आणि सोबत अंगदुखीची गोळीही होती. ती लिहून घेताना मी रक्त पातळ करण्याच्या गोळीबद्दल सांगितलेच नव्हते, कारण तापाचा आणि तिचा संबंध असेल असे मला वाटले नाही. त्रिभुवनकीर्ती दिला नव्हता, पण ज्येष्ठमधाच्या कांड्या सासूबाईंच्या उशाशी खरोखरच सापडल्या. भाजीचा हिशेब केला तेव्हा गेल्या महिन्यात सव्वीस दिवस पाला झाला होता. परसात उगवतो, फुकट असतो, त्यांना आवडतो, आणि मीही आनंदाने करत होते.

दिरांना काल रात्री डॉक्टरांचे आणि वैद्यताईंचे उत्तर वाचून दाखवले. १७ पट हा आकडा ऐकून ते बराच वेळ गप्प राहिले, आणि मग सर्पगंधेबद्दल पुन्हा वाचायला सांगितले. कॅप्सूल ते परत नेणार आहेत. एक शंका उरते: गोकुळाष्टमीला आमच्याकडे शेवग्याच्या पाल्याची भाजी आणि आंबोळ्या असतातच. त्या दिवशी त्यांना भाजी द्यावी की नाही? सणाच्या दिवशी ताटात भाजी नसली तर त्यांना वाईट वाटेल.

निवृत्त फिजिशियन, रत्नागिरी

अवश्य द्या. ठरवलेली एक वाटी त्या दिवशी शेवग्याची समजा, आणि आधीच्या व नंतरच्या दिवशी पाला करू नका. नैवेद्याचे दोनदा वाढून घेतले जाते, तेवढे मात्र टाळा. अंगदुखीच्या गोळीबद्दल स्वतःला दोष देऊ नका. चिठ्ठी लिहिणाऱ्याने विचारायला हवे होते. वहीच्या पहिल्या पानावर औषधांची नावे आणि शेवटचा आयएनआर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा, आणि तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे किंवा बोबडे बोलणे यांतले काहीही दिसले तर ती वही घेऊन लगेच १०८ ला दूरध्वनी करा. मेंदूतली गुठळी विरघळवण्याचे औषध साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि ते द्यायचे की नाही हे आयएनआरवर ठरते.

सुरंगी, वेंगुर्ले तालुका

कुडाळहून आज अहवाल आला, २.२ आहे. वहीच्या पहिल्या पानाचे छायाचित्र यजमानांना आणि दिरांना पाठवले आहे. भाजीचे वार सोमवार, गुरुवार आणि शनिवार ठरले. वाटी सासूबाईंनी स्वतःच निवडून ठेवली आहे.